शहर वजा जाता उरलेला मतदारसंघ

जळगावच्या बसस्थानकातून चोपड्याची एस. टी. निघाली की शहराच्या वस्त्या संपायला फार वेळ लागत नाही. कापसाची आणि केळीची शेते सुरू होतात. विदगावजवळ तापीचा पूल येतो. पूल ओलांडून धानोरा, अडावद करीत गाडी चोपड्यात शिरते. एवढ्या वाटेत कुठे काही बदलले असे प्रवाशाला वाटत नाही. तीच काळी जमीन, तीच केळी, बोलण्यातला तोच खानदेशी हेल. पण या प्रवासात तो तीन विधानसभा मतदारसंघांतून आणि दोन लोकसभा मतदारसंघांतून गेलेला असतो. जळगाव शहर, मग जळगाव ग्रामीण, मग चोपडा. पहिले दोन जळगाव लोकसभा मतदारसंघात, तिसरा रावेरमध्ये.

तालुक्याच्या हद्दीवर पाटी असते. गावाच्या वेशीवर स्वागताची कमान असते. मतदारसंघाच्या हद्दीवर मात्र काहीच नसते. ती रेघ राजपत्रात असते, मतदार यादीच्या डोक्यावर असते आणि पाच वर्षांतून एकदा माणसाच्या बोटाला शाई लागते तेव्हा ती खरी होते. त्या रेघेवर पुष्कळ काही अवलंबून असते. आपल्या रस्त्याचे गाऱ्हाणे कोणी ऐकायचे, पाण्यासाठी कोणाच्या दारात जायचे, आपल्या गावातला होतकरू माणूस उमेदवार होऊ शकेल की नाही, हे सारे तीच रेघ ठरवते. म्हणून ती कशी ओढली गेली आणि ओढली जात असताना आपण कुठे होतो, हा प्रश्न घरातल्या मोठ्यांनी आणि नव्याने मतदार झालेल्या मुलांनी एकदा तरी एकत्र बसून विचारावा असा आहे. ही रेघ पुन्हा ओढली जाण्याचे दिवस आता फार दूर नाहीत, हे त्याचे आणखी एक कारण.

माहेर ग्रामीण, सासर शहर

'जळगाव ग्रामीण' हा मतदारसंघ २००८ पूर्वी नव्हता. धरणगाव आणि आसपासची गावे तेव्हा एरंडोल मतदारसंघात होती आणि जळगाव शहराच्या जोडीला भोवतालची काही खेडीही एकाच आमदाराला मत देत. २००८ च्या फेररचनेत शहर वेगळे काढले गेले. शहर वजा जाता तालुक्याचा जो भाग उरला त्याला धरणगाव तालुका जोडला गेला आणि या नव्या तुकड्याला 'ग्रामीण' असे नाव मिळाले.

या नावाची एक गंमत आहे. चोपडा म्हटले की गाव डोळ्यांसमोर येते. अमळनेर म्हटले की साने गुरुजींची शाळा आठवते. 'ग्रामीण' म्हटल्यावर मात्र काहीच आठवत नाही. ते कोणत्याही गावाचे नाव नाही. त्यात एवढीच माहिती आहे की हा भाग शहर नव्हे. वास्तविक या मतदारसंघाला नावे कमी नव्हती. बालकवी ठोमरे जन्मले ते धरणगाव याच मतदारसंघात आहे. बहिणाबाई चौधरींचे असोदेही याच मतदारसंघात. बहिणाबाई असोद्याच्या लेक आणि जुन्या जळगावच्या सून. आजच्या नकाशाप्रमाणे त्यांचे माहेर ग्रामीण मतदारसंघात आणि सासर शहर मतदारसंघात येते. ज्या विद्यापीठाला २०१८ मध्ये त्यांचे नाव दिले गेले, ते गिरणेपलीकडे बांभोरीला, म्हणजे धरणगाव तालुक्यात, पुन्हा ग्रामीणमध्येच. असोदे ते जळगाव हे अंतर बहिणाबाईंच्या काळी बैलगाडीचे होते, आज दुचाकीचे आहे. असोद्याचा माणूस दवाखान्यासाठी, बाजारासाठी, मुलांच्या शिकवणीसाठी रोज शहरात येतो. शहरातले पाणी, वाहतूक, कचरा यांचा त्याच्या दिवसाशी संबंध आहे, पण शहराच्या आमदाराशी त्याचा मतदार म्हणून संबंध नाही.

हे एकट्या जळगावचे नाही. याच फेररचनेत धुळे ग्रामीण झाले, लातूर ग्रामीण झाले, कल्याण ग्रामीण आणि भिवंडी ग्रामीण झाले. धुळ्याच्या बाबतीत कुसुंबा हे एका जुन्या गावाचे नाव मतदारसंघाच्या यादीतून गेले. कल्याण ग्रामीणमध्ये आज डोंबिवलीच्या कडेचे मनोरे उभे आहेत आणि त्यांतल्या कितीतरी घरांच्या दारांवर खानदेशी आडनावे आहेत. रोजगारासाठी गाव सोडून महानगरात गेलेला आमचा माणूस तिथेही 'ग्रामीण'च मतदार ठरला!

हिशेब काय होता?

ही रेघ कोणी खोडसाळपणाने ओढली, असा समज करून घेण्याचे कारण नाही. तिच्यामागे एक सरळ हिशेब होता आणि तो समजून घेतल्याशिवाय तक्रार करणे योग्य नाही.

१९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने विधानसभा आणि लोकसभेच्या जागांची संख्या गोठवली. त्यामुळे १९७८ पासून २००४ पर्यंतच्या सगळ्या निवडणुका १९७१ च्या जनगणनेवर बेतलेल्या नकाशावर झाल्या. एका पिढीने मतदानाला सुरुवात केली, तिची मुले मतदार झाली, तरी नकाशा तोच होता. दरम्यान गावे ओस पडत होती आणि शहरे फुगत होती. एका मतदारसंघात मतदारांची दाटी तर दुसऱ्यात विरळ वस्ती, अशी अवस्था झाली. मग २००२ च्या कायद्याने न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखाली परिसीमन आयोग नेमला गेला. राज्यातील जागा २८८ च ठेवायच्या, पण २००१ च्या जनगणनेप्रमाणे त्या आतल्या आत नव्याने वाटायच्या, हे त्याचे काम. १९ फेब्रुवारी २००८ रोजी ही रचना अमलात आली आणि महाराष्ट्राने २००९ ची लोकसभा आणि विधानसभा तिच्यावर लढवली.

आता पाटी-पेन्सिल घेऊन बसू. २००१ मध्ये महाराष्ट्राची लोकसंख्या ९ कोटी ६८ लाख ७८ हजार होती. २८८ ने भागले की एका आमदारामागे सरासरी ३ लाख ३६ हजार माणसे येतात. यात दहा टक्के कमी-जास्त चालते. जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या होती ३६ लाख ८२ हजार. तिला सरासरीने भागले तर उत्तर ११ च्या किंचित खाली येते. जिल्ह्यात तेव्हा आमदार होते १२. म्हणजे एक जागा जाणार हे भागाकारानेच ठरले होते. जळगाव शहराची लोकसंख्या होती ३ लाख ६८ हजार ६१८. दहा टक्क्यांची सवलत धरली तर वरची मर्यादा ३ लाख ७० हजारांची. शहर त्या मापात जेमतेम, पण नेमके बसले. त्यामुळे शहराचा एक स्वतंत्र मतदारसंघ झाला आणि बाकीच्यांना नवे घर शोधावे लागले. जळगाव ग्रामीणचा जन्म हा असा भागाकाराच्या बाकीतून झाला.

नव्या घराचे बारसे लक्षात राहते, मोडलेले घर कोणी आठवत नाही. जळगाव ग्रामीण आला तेव्हा यावल आणि पारोळा या मतदारसंघांची नावे नकाशावरून गेली. लोकसभेतून एरंडोल गेले आणि रावेर आले. यावल तालुका दोघांत वाटला गेला. किनगावकडचा पश्चिम भाग चोपड्याला आणि उरलेला रावेरला. यावल तालुका म्हणजे ज्याच्या फैजपूरला डिसेंबर १९३६ मध्ये जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले तो तालुका. त्याआधी काँग्रेसची अधिवेशने शहरांत भरत. खेड्यात भरलेले हे पहिले. धनाजी नाना चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यासाठी घेतलेल्या कष्टांच्या आठवणी या भागात आजही सांगतात. पुढच्याच वर्षी, १९३७ मध्ये, मुंबई प्रांताच्या विधानसभेची निवडणूक झाली. मत तेव्हा सर्वांना नव्हते. शेतसारा, मालमत्ता, शिक्षण यांच्या अटी होत्या. तरीही देशाचे राजकारण खेड्याच्या दारात आणता येते, हे फैजपूरने दाखवून दिले होते. त्या तालुक्याच्या नावाचा मतदारसंघ आज नाही. भागाकाराला इतिहास ठाऊक नसतो, आणि त्याला तो ठाऊक असावा अशी अपेक्षाही नाही. पण भागाकार करणाऱ्याला कोणीतरी सांगायला तर हवे.

चोपड्याचा बदल

चोपड्याचे नाव टिकले, पण मतदारसंघ पूर्वीचा राहिला नाही. हा सर्वसाधारण मतदारसंघ २००९ पासून अनुसूचित जमातींसाठी राखीव झाला. महाराष्ट्रात जमातींच्या राखीव जागा २२ वरून २५ झाल्या, त्यात खानदेशातला चोपडाही आला आणि शेजारचा शिरपूरही.

चोपड्याने पूर्वी राज्याला शरदचंद्रिका पाटील यांच्यासारख्या मंत्री दिल्या. १९९९ ते २००४ या काळात विधानसभेचे अध्यक्षपद भूषवणारे अरुणभाई गुजराथी चोपड्याचेच. फेररचनेनंतर अशा प्रस्थापित घराण्यांना आणि पुढाऱ्यांना स्वतःच्या गावातून उभे राहण्याची वाट बंद झाली. सखल भागातल्या अनेकांना ते बोचले आणि त्यांची हळहळ समजण्यासारखी आहे. ज्या तालुक्यात आयुष्य घालवले तिथे निवडणूक लढवता येऊ नये, हे कोणालाही जड जाईल.

पण त्याच तालुक्याला दुसरी बाजूही आहे. अडावदच्या पुढे उत्तरेला पाहिले की सातपुडा दिसतो. सत्रासेन, वैजापूर आणि त्यांच्या आसपासच्या पाड्यांवर पावरा, बारेला, भिल्ल कुटुंबे राहतात. त्यांच्या आज्या-पणज्यांनीही १९५२ पासून मते दिली. त्यांच्या मतांवर आमदार निवडून आले, पण त्यांच्यातला आमदार झाला नाही. राखीव जागेचा अर्थ एवढाच की ज्यांनी इतकी वर्षे नुसते मत दिले त्यांनी आता उमेदवारही व्हावे. याच सुमारास, १ जानेवारी २००८ पासून, वनहक्क कायद्याचे नियम लागू झाले. जंगलातल्या कसत्या जमिनीचा दावा आणि विधानसभेतली जागा ही दोन्ही दारे पाड्यांसाठी जवळजवळ एकाच वेळी उघडली.

त्यानंतर चार निवडणुका झाल्या. २००९ मध्ये जगदीशचंद्र वळवी, २०१४ मध्ये चंद्रकांत सोनवणे, २०१९ मध्ये लताबाई सोनवणे आणि २०२४ मध्ये पुन्हा चंद्रकांत सोनवणे निवडून आले. या मतदारसंघाला पुन्हा एक महिला आमदार मिळाली, ही जमेची बाजू. पण राखीव जागा मिळाली म्हणजे पाड्याचा आवाज विधानसभेत पोहोचलाच, असे म्हणता येत नाही. मतदारांची मोठी संख्या सखल भागातल्या गावांत आहे. पैसा, वाहने, कार्यकर्ते, सहकारी संस्था हे सारे तिथेच आहे. उमेदवार कोणत्याही जमातीचा असो, त्याला निवडून आणण्याचे साधन खालच्या गावांच्या हाती राहते. जमातीच्या दाखल्यांचे वाद तर न्यायालयापर्यंत गेले आहेत. राखीव जागेने दार उघडले, पण आत जाऊन बसण्याची जागा अजून मिळवायची आहे. हे काम नकाशा करू शकत नाही. ते पक्षांनी आणि पाड्यांवरच्या शिकलेल्या मुलामुलींनी करायचे आहे.

लोकसभेचा विचार केला तर चोपड्याची गोष्ट आणखी निराळी. रावेर लोकसभा मतदारसंघात चोपडा, रावेर, भुसावळ, जामनेर, मुक्ताईनगर आणि मलकापूर असे सहा विधानसभा मतदारसंघ येतात. यातला मलकापूर बुलढाणा जिल्ह्यातला, म्हणजे विदर्भातला. चोपड्याहून मलकापूर शंभर किलोमीटरहून अधिक दूर. चोपड्याच्या शेतकऱ्याचे मलकापूरशी ना सोयरीकीचे नाते ना बाजाराचे. उलट तापीच्या काठावर खेडीभोकरी आणि पलीकडचे भोकर ही गावे समोरासमोर आहेत. दोन्ही काठांचे येणे-जाणे पिढ्यान् पिढ्यांचे आहे आणि त्यांना जोडणाऱ्या पुलाचा विषय कितीतरी वर्षे लोकांच्या तोंडी राहिला. खेडीभोकरी चोपड्यात, भोकर जळगाव ग्रामीणमध्ये. म्हणजे पूल एक, पण त्यासाठी आमदार दोन आणि खासदारही दोन. दोघे एका मताचे असतील तर उत्तम. नसतील तर गावकऱ्यांनी एकदा या काठावर आणि एकदा त्या काठावर निवेदने द्यायची.

वजन कुठे चालले आहे?

इथे एक प्रामाणिक प्रश्न उभा राहतो. गावे दूरदूर आहेत, पाडे डोंगरात आहेत, म्हणून ग्रामीण भागाला लोकसंख्येपेक्षा जास्त आमदार द्यावेत काय? मन हो म्हणते, पण न्याय नाही म्हणतो. एका माणसाचे एक मत आणि प्रत्येक मताचे सारखे मोल, हे लोकशाहीचे पहिले कलम आहे. ठाण्याच्या चाळीतल्या माणसाचे मत चोपड्याच्या माणसाच्या मतापेक्षा हलके असावे असे आपण कोणत्या तोंडाने म्हणणार? शिवाय ठाण्याच्या चाळीतला तो माणूस पुष्कळदा आपलाच भाऊ किंवा भाचा असतो.

२००८ मध्ये तत्कालीन ठाणे जिल्ह्याच्या जागा १३ वरून २४ झाल्या. पुण्याच्या १८ वरून २१ झाल्या. विदर्भाच्या ६६ वरून ६२ वर आल्या आणि जळगावची एक गेली. या जागा कोणी पळवल्या नाहीत. माणसे गेली आणि त्यांच्यामागून जागा गेल्या. खानदेशच्या घराघरांतून पुणे, कल्याण, सुरत या गावांना गेलेल्या मुलांची संख्या मोजली तर त्या एका जागेचा हिशेब लागतो. सुरतेला गेलेला तर महाराष्ट्राच्या खात्यातूनही वजा झाला.

यातले एक वजन मात्र आपल्याला वाचवता येण्याजोगे आहे. जून २०२५ च्या अधिसूचनेने पुढच्या जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ असा ठरवण्यात आला. फेब्रुवारी-मार्च हे ऊसतोडीचे आणि वीटभट्ट्यांचे दिवस. सातपुड्याच्या पायथ्याची कितीतरी कुटुंबे तेव्हा गुजरातेत किंवा राज्याच्या दुसऱ्या भागात असतात. ज्यांची घरे त्या दिवसांत कुलूपबंद असतात, त्यांची मोजणी गावच्या खात्यात पडत नाही, आणि कामाच्या ठिकाणी उसाच्या फडातल्या झोपडीपर्यंत प्रगणक पोहोचला नाही तर ती कुठेच पडत नाही. जमातींच्या राखीव जागा लोकसंख्येच्या प्रमाणात ठरतात. जो मोजला गेला नाही त्याचे प्रतिनिधित्वही मोजले जात नाही. म्हणून जनगणना हे केवळ सरकारी काम नसून तो मतदारसंघाचा पाया आहे, हे पाड्यावरच्या शिक्षकाने, आशाताईने, सरपंचाने ध्यानात घ्यायला हवे.

रेघ ओढताना गाव कुठे होते?

परिसीमन आयोगाचे कामकाज गुप्त नसते. आयोगावर सर्वोच्च न्यायालयाचे आजी किंवा माजी न्यायाधीश, निवडणूक आयोगाचा प्रतिनिधी आणि राज्याचा निवडणूक आयुक्त असतो. जोडीला राज्यातले पाच खासदार आणि पाच आमदार सहयोगी सदस्य म्हणून घेतले जातात. त्यांना मत देता येत नाही, म्हणणे मांडता येते. आयोग कच्चा प्रस्ताव राजपत्रात आणि वृत्तपत्रांत प्रसिद्ध करतो, हरकती मागवतो, त्यांच्या विचारासाठी जाहीर बैठक घेतो आणि मग अंतिम आदेश काढतो. तो आदेश कायद्यासारखा असतो. विधानसभेपुढे ठेवला जातो, पण विधानसभेला त्यात काना-मात्रा बदलता येत नाही. म्हणजे बोलायची वेळ फक्त मधल्या काळात असते. ती टळली की पुढची संधी कदाचित नातवाच्या वेळी.

या बाबतीत एक तफावत डोळ्यांत भरते. जिल्हा परिषदेचे गट आणि पंचायत समितीचे गण यांची रचना जाहीर झाली की तहसील कचेरीत गर्दी होते. अमुक गाव तमुक गटात का घातले, म्हणून तावातावाने हरकती येतात. गट म्हणजे काय आणि तो बदलल्याने काय होते, हे गावाला पक्के ठाऊक असते. विधानसभेची रेघ याहून किती तरी मोठी. तिच्या वेळी मात्र हरकती प्रामुख्याने पक्षांच्या आणि इच्छुकांच्या असतात. आपला बालेकिल्ला तुटू नये, ही त्यांची चिंता. गावाचा बाजार, गावाचा रस्ता, गावाचा दवाखाना यांची चिंता त्या कागदात शोधूनही सापडत नाही.

आणि कायद्याने तर तीच विचारात घ्यायला सांगितली आहे. मतदारसंघ शक्य तो सलग असावा. नद्या-डोंगरांसारखी भौगोलिक वैशिष्ट्ये, प्रशासकीय हद्दी, दळणवळणाची साधने आणि लोकांची सोय यांचे भान ठेवावे, असे २००२ च्या परिसीमन कायद्यात स्पष्ट म्हटले आहे. लोकांची सोय म्हणजे काय, हे आयोगातल्या न्यायमूर्तींना दिल्लीत बसून कळणार नाही. ते भोकरच्या आणि किनगावच्या माणसानेच सांगायला हवे.

पुढच्या वेळी प्रश्न सोपे असणार नाहीत. २०११ च्या जनगणनेत जळगाव शहर ४ लाख ६० हजारांवर गेले होते. त्यावेळच्या लोकसंख्येप्रमाणे राज्याची सरासरी ३ लाख ९० हजार होती. म्हणजे दहा टक्क्यांची सवलत धरूनही शहर एका मतदारसंघाच्या मापाबाहेर गेले आहे. जागांची संख्या आहे तेवढीच राहिली, तर शहराच्या कडेचे काही भाग ग्रामीणला जोडावे लागतील. मग 'ग्रामीण' मतदारसंघात शहरी मतदार वाढत जाणार आणि खेड्यांचा आवाज आणखी दबणार काय? जागा वाढल्या तर जिल्ह्याचा सारा नकाशाच नव्याने मांडावा लागेल. चोपडा राखीव राहील की ती जागा दुसरीकडे जाईल? यावल तालुका पुन्हा एकत्र येईल काय? शिवाय २०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीने महिलांसाठी एक तृतीयांश जागा राखून ठेवण्याचे ठरवले आणि ते जनगणनेनंतरच्या फेररचनेशी जोडले. २८८ जागा धरल्या तरी ९६ मतदारसंघ. त्यांतले काही आपल्या जिल्ह्यातले असणारच. त्या दिवशी ऐन वेळी कोणाच्या तरी पत्नीचे किंवा सुनेचे नाव पुढे करायचे, की आजपासून बचत गटांतल्या, ग्रामपंचायतीतल्या कर्तबगार स्त्रियांना पुढे आणायचे, याचा निर्णय रेघ ओढण्याच्या आधी घ्यायचा असतो.

मग गावाने करायचे काय? पहिली गोष्ट म्हणजे मोजले जायचे. दुसरी, ग्रामसभेत हा विषय एकदा तरी घ्यायचा. आपले गाव कोणत्या बाजारपेठेशी, कोणत्या रुग्णालयाशी, कोणत्या रस्त्याशी बांधले आहे हे कागदावर उतरवून ठराव करायचा. तिसरी, हरकत हिशेबाने घ्यायची. 'आम्हाला इथून काढा' एवढेच म्हटले तर ती हरकत टिकत नाही. आम्हाला काढल्यावर जी लोकसंख्या कमी पडेल ती कोणत्या महसूल मंडळातून भरून काढता येईल, हे सांगणारी हरकत आयोगाला विचारात घ्यावी लागते. हा गणिताचा पाठ गावातल्या कोणत्याही पदवीधर मुलाला करता येईल. आणि चौथी गोष्ट नावाची. मतदारसंघाला गावाचे नाव असावे ही मागणी भावनेची वाटेल. पण ज्याला नाव आहे त्याची ओळख टिकते आणि ज्याची ओळख टिकते त्याची विचारपूस होते, हा संसारातला साधा अनुभव आहे.

जळगाव ग्रामीणने २००९ मध्ये गुलाबराव देवकरांना निवडून दिले आणि २०१४, २०१९, २०२४ या तिन्ही वेळा गुलाबराव पाटलांना. नावांच्या या योगायोगावर जिल्ह्यात पुष्कळ विनोद झाले. पण त्या चार निवडणुकांत असोदे, पाळधी, म्हसावद, धरणगाव या एकमेकांशी फारसा संबंध नसलेल्या गावांनी एकाच प्रचाराच्या गाड्या पाहिल्या, एकाच निकालाची वाट पाहिली. भागाकाराच्या बाकीतून जन्मलेल्या तुकड्याला हळूहळू का होईना 'आमचा मतदारसंघ' म्हणणारी माणसे मिळाली. खानदेशी माणूस असाच आहे. जे वाट्याला येते त्याच्याशी तो नाते जोडतो. पण वाटणी चालू असताना तो ओसरीवर बसून राहतो, ही त्याची जुनी खोड आहे.

पुढच्या वाटणीला त्याने आत येऊन बसावे. चोपड्याच्या एस. टी.तून तापी ओलांडताना खिडकीतून रेघ दिसत नाही हे खरे. पण तिच्या अलीकडे-पलीकडे राहणारी माणसे खरी आहेत. ती कुठून कुठे ओढली जावी, हे त्यांना विचारले जाईल तेव्हा सांगण्यासारखे उत्तर त्यांच्याजवळ तयार असले पाहिजे.